सॅकमधल्या स्टोव्हवर संत्र्याचा केक

तळहातावर मावणाऱ्या गॅस स्टोव्हवर केक होतो का, असं आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी विचारतंच. होतो, आणि मस्त होतो! फक्त तो भाजायचा नाही, वाफवायचा.

ट्रेकचं भांडं पातळ ॲल्युमिनियमचं असतं आणि ज्योत लागते नेमकी मधोमध. कोरडं तापवलं तर तळ करपतो, वर पीठ कच्चंच. पाणी मात्र उकळीच्या पुढे तापत नाही, म्हणून वाफेवर करपायची भीती नाही. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे नागपुरातल्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा.

अर्धी वाटी कणिक, पाव वाटी पिठीसाखर, चमचाभर दूध पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ मी घरूनच पिशवीत भरून नेते. संत्री सोबत असतातच. डिसेंबरात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या हंगामाची मिळतात. सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसायचा, आतला पांढरा कडू लागतो.

आधी भांड्यात दोन बोटं पाणी उकळत ठेवा. त्यात ॲल्युमिनियम फॉइलची चुंबळ करून ठेवते मी. दगडगोटे शोधायला नकोत. मगच पिठात रस आणि चमचाभर तेल घाला. रस पडला रे पडला की सोडा फसफसतो, पीठ चमच्याखाली हलकं होत जातं. ही हवा वाया घालवायची नाही. लगेच तेल लावलेल्या वाटीत ओतून वाटी चुंबळीवर ठेवायची. झाकणाला आतून रुमाल बांधा, टोकं वर गाठ मारून, म्हणजे वाफेचं पाणी केकवर टपकत नाही. पंधरा-वीस मिनिटं मंद आच. काडी कोरडी निघाली की झालं.

वाऱ्याला आडोसा हवाच, पण गॅसचा डबा स्टोव्हच्या खालीच असेल तर चारही बाजूंनी बंद करू नका. तो तापणं धोक्याचं आहे. आणि तंबूच्या आत स्टोव्ह कधीच नको, कितीही थंडी असो.

खरपूस हवं तर आपल्याकडे रोडगे, म्हणजे विस्तवात भाजलेले कणकेचे जाड गोळे आहेत, पण त्यांना गोवऱ्यांचा विस्तव लागतो, आणि जंगलात तो पेटवू नये असं माझं ठाम मत आहे. माझ्या बाबांना मऊ केक आवडत नाही. त्यांच्यासाठी काप करून झाकणावरच तुपात परतते. कडा लालसर होतात आणि सालीचा वास आणखी खुलतो.