टोकातून काळा

माझ्या डबीत सव्वादोन कॅरेटचा एक गोल खडा आहे. पैलू नीट जुळलेत, पॉलिश झकास आलंय आणि खडा कोळशासारखा काळा आहे. ज्या स्फटिकातून तो कापला तो मात्र बाटलीच्या काचेसारखा हिरवा होता. टुर्मलीन नावाच्या रत्नाचा हिरव्याचा काळा करायची किमया माझ्या हातून घडली, तीही तीन संध्याकाळी खपून.

पैलू पाडायला मी चाळिशीनंतर शिकले, निव्वळ हौस म्हणून. ज्या काकांकडे शिकले त्यांना हा खडा नेऊन दाखवला. त्यांनी भिंग लावायचीही तसदी घेतली नाही.

"आधी टोकातून बघितला होतास का गं?"

"बाजूने बघितला. छान हिरवा दिसत होता."

"बाजूने सगळेच छान दिसतात."

माझ्याकडे उरलेला तुकडा त्यांनी चिमटीत धरून दिव्यासमोर नेला. आडवा धरला तर हिरवा, पलीकडची तार दिसेल इतका आरपार. मग दुर्बिणीतून बघतात तसा टोकाकडून डोळ्याला लावायला दिला. काहीच दिसेना. जाडी जवळपास तेवढीच, दगड तोच, आणि आत काळोख.

टुर्मलीनचा स्फटिक साधारण पेन्सिलीसारखा लांबट वाढतो. अंगावर उभ्या रेघा असतात, नखाने जाणवतात. आडवा छेद घेतला तर फुगीर बाजूंचा त्रिकोण दिसतो. हा आकार एकदा डोळ्यांत बसला की ढिगातूनही टुर्मलीन ओळखता येतो. या पेन्सिलीची लांबी हा त्याचा मुख्य अक्ष, आणि दगडाचं सगळं वागणं या अक्षावर ठरतं. प्रकाश जाताना आडवा कंप पावतो, एवढं शाळेतलं आठवत असेल. हिरवा टुर्मलीन अक्षाला समांतर कंप पावणारा प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतो आणि अक्षाला काटकोनात कंप पावणारा गिळतो. बाजूने बघताना दोन्ही प्रकार आत शिरतात, त्यातला एक बाहेर येतो आणि आपल्याला हिरवा रंग मिळतो. टोकातून बघताना मात्र सगळाच प्रकाश अक्षाला काटकोनात कंप पावत असतो. म्हणजे सगळाच गिळला जातो.

पोलराइज्ड गॉगल असेल तर हे घरबसल्या बघता येतं. गॉगल लावून स्फटिक उजेडासमोर उभा धरायचा, मग हळूहळू आडवा करायचा. उभा असताना हिरवा, आडवा होताना जणू आत कुणी पडदा ओढतंय. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वीसेक वेळा फिरवून बघितला. टुर्मलीनची ही खोड १८१५ मध्ये फ्रान्सच्या बिओ या भौतिकशास्त्रज्ञाने नोंदवली. पुढे अक्षाला समांतर कापलेल्या दोन पातळ चकत्या तारेच्या चिमट्यात बसवून 'टुर्मलीनचा चिमटा' नावाचं उपकरणच निघालं. दोन्ही चकत्या एका दिशेत असल्या की उजेड, एक चकती काटकोनात फिरवली की अंधार. गॉगलच्या काचा येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आता माझी चूक. गोल खड्याचा माथ्यावरचा सपाट पैलू, ज्याला टेबल म्हणतात, तो मी अक्षाच्या टोकावर पाडला होता. स्फटिकाचा छेद जवळपास गोल होता, त्यात गोल खडा छान बसत होता, वायाही कमी जात होतं. हिशेब अगदी चोख. फक्त बघणाऱ्याची नजर नेमकी काळोखाच्या दिशेने आत जात होती.

म्हणूनच हिरवे टुर्मलीन बहुतेक वेळा लांबट चौकोनी कापलेले असतात. टेबल अक्षाला समांतर, खडा स्फटिकाच्या लांबीत. पण एवढ्यानेही भागत नाही. टोकाकडचे खालचे पैलू नेहमीच्या कोनात ठेवले तर प्रकाश त्यांच्यावर आपटून अक्षाच्या दिशेने पळतो आणि खड्याच्या दोन्ही टोकांना काळे पट्टे दिसतात. गडद दगडात ते पैलू सत्तर अंशांच्या आसपास, जवळपास भिंतीसारखे उभे ठेवतात. टोकांची चमक थोडी जाते, पण काळोख खड्याच्या मध्यावर सांडत नाही. दुसऱ्या तुकड्याला मी हेच केलं. दीड कॅरेटचाच निघाला, पण हिरवा निघाला.

रंग येतो कुठून? दागिन्यांतले बहुतेक हिरवे टुर्मलीन एल्बाइट जातीचे. इटलीच्या एल्बा बेटावरून हे नाव पडलं. सोडियम, लिथियम, ॲल्युमिनियम, बोरॉन, सिलिका असा मोठा गोतावळा या खनिजात नांदतो. ग्रॅनाइटचा रस थिजत आला की शेवटी उरलेल्या पातळ द्रवात लिथियम आणि बोरॉन साठतात, आणि तिथे हे स्फटिक वाढतात. हिरवेपणा मुख्यतः लोहाचा. वाढ चालू असताना द्रवातलं लोह आणि मँगनीज यांचं प्रमाण बदललं की रंगही बदलतो. आत गुलाबी आणि बाहेर हिरवी साल असा स्फटिक त्यातूनच तयार होतो. त्याला सगळे कलिंगड म्हणतात आणि तो बहुधा आडव्या चकत्या करून विकतात. पूर्व आफ्रिकेतला झगझगीत हिरवा 'क्रोम टुर्मलीन' वेगळ्या जातीचा. नाव क्रोमियमचं, पण पुष्कळ खड्यांत रंगाचं मोठं श्रेय व्हॅनेडियमला जातं. चेल्सी फिल्टर नावाच्या साध्या रंगीत काचेतून तो लाल दिसतो, लोहाचा हिरवा हिरवाच राहतो. ब्राझीलच्या पाराइबाचा निऑन निळा-हिरवा तांब्यामुळे. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थांबते.

हिरवं दिसलं की पाचू म्हणायची सवय जुनी आहे. फेर्नाओ दियास नावाचा शोधप्रवासी १६७४ मध्ये पाचूंच्या शोधात साओ पाउलोहून ब्राझीलच्या आतल्या भागात निघाला. सात वर्षं रानोमाळ भटकला, हिरवे दगड सापडले, आणि १६८१ मध्ये पाचू मिळाले या समाधानात वारला. ते दगड टुर्मलीन होते. मला त्याचं वाईट वाटतं, पण हेवाही वाटतो. माझ्या काळ्या खड्याबद्दल मला कुणी अंधारात ठेवलं नाही.

दियासजवळ दहापट भिंग असतं तर? टुर्मलीनमध्ये टेबलातून आत बघितलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, चष्मा काढल्यावर मला अक्षरं दिसतात तशा. पाचूत हा दुहेरीपणा भिंगाला सहसा जाणवत नाही. शिवाय टुर्मलीन जड: पाण्याच्या सुमारे ३.०६ पट, पाचू २.७ पट. आणि हिरवा टुर्मलीन बहुधा आतून स्वच्छ असतो, पाचूच्या पोटात मात्र शेवाळल्यासारखी जाळी असते.

या दगडाचं दुसरं वेड विजेचं. तोरमल्ली या सिंहली शब्दावरून त्याचं नाव आलं आणि डच व्यापाऱ्यांनी तो श्रीलंकेतून युरोपात नेला. तापवलेला दगड राख ओढून घेतो हे लक्षात आल्यावर डचांनी त्याला 'राख ओढणारा' असंच नाव ठेवलं, आणि चिलमीतली राख काढायला तो वापरला. तापला की अक्षाच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार येतो. थंड होताना उलटं. पुन्हा तोच अक्ष! दोन टोकं मुळात सारखी नाहीत, म्हणून हे घडतं. १८८० मध्ये जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी दाबामुळे वीज निर्माण होते हे दाखवलं, त्या स्फटिकांत टुर्मलीनही होता. पुढे पाण्याखालच्या स्फोटांचा दाब मोजायला त्याच्या चकत्या वापरल्या गेल्या. मी टेबललॅम्पखाली अर्धा तास ठेवलेला स्फटिक जाळलेल्या कागदाच्या राखेजवळ नेला होता. दोन कण टुणकन उडून टोकाला चिकटले. दोनच, पण मी ओरडले.

त्याचा व्यावहारिक परिणाम असा की दिव्याखाली मांडलेले टुर्मलीन इतर खड्यांपेक्षा लवकर धुळकट होतात. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश, बस्स. अल्ट्रासोनिक यंत्र आणि वाफ नको. एकदम तापवणं-गार करणं तर नकोच. गरम मेणाने डॉपवर, म्हणजे पैलू पाडताना खडा धरायच्या दांडीवर, चिकटवलेला एक दगड मी घाईने गार लोखंडावर टेकवला आणि 'टच्' असा आवाज आला. काठिण्य दहापैकी सात ते साडेसात, म्हणजे अंगठीत चालतो, पण आपटायचा नाही. फार गडद खडे तापवून उजळ करतात. तो उपचार बघून बहुधा ओळखता येत नाही, म्हणून घेताना विचारावं.

रत्नांना चिकटवलेल्या अर्थांबद्दल लोक विचारतात. स्फटिकोपचारवाले हिरवा टुर्मलीन हृदयाशी, अनाहत चक्राशी जोडतात. करुणा, धीर, भरभराट असं बरंच काही त्याच्या नावावर आहे. ऑक्टोबरचं जन्मरत्न म्हणून टुर्मलीन, तोही गुलाबी, ओपलच्या जोडीला १९५२ च्या अमेरिकी यादीत आला, म्हणजे ही परंपरा माझ्या आईपेक्षाही लहान. दगडाने आजार बरा होतो याला पुरावा नाही, आणि विजेचा आधार देऊन जे तसं पटवतात त्यांचा मला राग येतो. दोन राखेचे कण हलवायला मला अर्धा तास लागला होता. पण कुणाला हिरव्याकडे बघून बरं वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही. मलाही वाटतं.

सध्या टेबलावर एक पिवळसर हिरवा स्फटिक आहे, बोटाच्या पेराएवढा. या वेळी आधी टोकातून बघितला. उजेड आला! असे काही असतात, दोन्ही दिशांनी मोकळे. टोकाकडचा रंग थोडा अधिक पिवळा, इतकंच. याचा गोल खडा होऊ शकतो. काकांना विचारलं तर म्हणाले, "काप की मग." आठवडा झाला, अजून चिकटवलेला नाही.