खिशातले चौकोनी कागद

ही 2022 ची वारी. आधीची दोन वर्षं तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि आम्ही घरात बसून टीव्हीला हात जोडले. त्यामुळे 20 जूनला देहूत प्रस्थानाला जी गर्दी लोटली, ती वारीची कमी आणि सुटकेची जास्त वाटत होती. माझी ही पाचवी पायी वारी. पिशवीत नेहमीचंच सामान होतं. दोन धोतरं, टाळ, हरिपाठाची पुस्तिका, पायाला लावायला खोबरेल. या खेपेला एक जादा जिन्नस होता तो म्हणजे रंगीत चौकोनी कागदांचा गठ्ठा, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेला.

त्याच वर्षी 27 जानेवारीला लेखक अनिल अवचट गेले. ते मूळचे ओतूरचे, आम्हीही ओतूरचे. नातं म्हणाल तर तेवढंच. बोलणं कधी झालं नाही. पुण्यात एका कार्यक्रमाला मागच्या रांगेतून पाहिलं होतं, बस्स. पण चाळीस वर्षं त्यांचं वाचत आलो होतो. शिवाय कागदाच्या घड्या घालायला त्यांच्यामुळेच शिकलो. ते लाकूड कोरत, बासरी वाजवत, चित्रं काढत, गात, जादूचे प्रयोग करत, स्वयंपाक करत. मला त्यातली फक्त ओरिगामी जमली. तीही चार आकारांपुरती.

त्यांच्या आठवणीत वारी करतो म्हटल्यावर बायको हसली. म्हणाली, "अहो, बुवाबाजीवर एवढं लिहिलं त्या माणसानं. त्यांना पावणार का तुमची वारी?" उत्तर नव्हतं. अजूनही नाही. फक्त एक गोष्ट मनात होती. तुकोबांना 'रामकृष्णहरि' हा मंत्र देणाऱ्या बाबाजी चैतन्यांची समाधी आमच्या ओतुरात, मांडवीच्या काठी आहे. श्रावणी सोमवारी शेजारच्या कपर्दिकेश्वराला कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, तेव्हा लहानपणी आम्ही त्या समाधीच्या कठड्यावर बसून शेंगा खायचो. ओतूरहून देहूपर्यंत एक धागा आधीच होता. मी फक्त त्याला लोंबकळलो.

पुण्यात तुकोबांची पालखी नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाला उतरते. तिथून संध्याकाळी सहज भवानी पेठेकडे पाय वळले. हातगाड्या, पोती, घामाने काळे पडलेले सदरे. अवचटांनी हमालांवर लिहिलं ते वाचलं नसतं, तर या गर्दीतून मी अंग चोरत निघून गेलो असतो. ते डॉक्टर झाले, पण दवाखान्यात रमले नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये, निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या बायकांत जाऊन बसले. विचारत राहिले. पुण्यातली पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या नादाने कशी संपत चालली आहेत, हेही त्यांनी लिहिलं. ते वाचून पु.ल. आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले आणि 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते खऱ्या अर्थाने उभं केलं त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदाताईंनी. 1997 मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतरही काम थांबलं नाही.

आता एक कबुली. हे सगळं तोंडपाठ असणाऱ्या माझ्या कोपरीच्या खिशात, त्या कागदांच्या शेजारीच, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती.

यवतला पोचलो तेव्हा पावसाचा पत्ता नव्हता. लोणी काळभोरपासूनची वाट उन्हाने भाजून निघाली होती. यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. काळभैरवनाथाच्या देवळापाशी त्या दिवशी पंगतींवर पंगती उठत होत्या. गरम पिठलं भाकरीवर पडलं की पायाचे फोड विसरायला होतात. जेवण झाल्यावर एका ट्रकच्या सावलीत टेकलो आणि एक कागद काढला. शेपटी ओढली की पंख हलतात, तो पक्षी करायला घेतला.

शेजारी एक म्हातारी बसली होती. डोक्यावरची तुळस उतरवून मांडीशी ठेवलेली. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

"काय करायलात माउली?"

"पाखरू."

"कुणासाठी?"

म्हटलं, आमच्या गावचे एक लेखक होते, ते गेले, त्यांच्या आठवणीत करतोय.

"कोण लागत होते तुमचे?"

"कुणी नाही."

तिने मान डोलावली. हे उत्तर तिला पुरेसं वाटलं असावं. मग म्हणाली, "बायकूबी नाही, लेकबी नाही, आन कागद दुमडत बसलाव." आणि स्वतःच खुदकन हसली. पक्षी हातात घेऊन तिने शेपटी ओढली. पंख हलले. दुसऱ्यांदा ओढली. मग पानांची पत्रावळ कशी टाचायची, काडी कुठून घालायची, हे ती मला हवेतच बोटांनी दाखवू लागली. तिची बोटं माझ्यापेक्षा कितीतरी सफाईची होती.

एरवी मी "राम कृष्ण हरी" म्हणून उठलो असतो. त्या दिवशी बसून राहिलो आणि विचारलं, माउली, गाव कुठलं, काय करता. सुरुवातीला प्रश्न फार बावळट निघाले. शेती किती, पोरं किती, असलं शिरगणतीवाल्यासारखं. अवचट असं विचारत नसणार हे कळत होतं, पण मग कसं विचारत असतील? शेवटी गप्प बसलो. गप्प बसल्यावर तीच बोलायला लागली.

ती बीडकडची. ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत तोडायचं. दिवाळीनंतर गाव सोडायचं ते उन्हाळ्यातच परतायचं. पहाटे अंधारात गाडी भरायची. आता नवरा नाही आणि कंबर गेली, म्हणून तोडणी बंद. बोलता बोलता तिने हात पुढे केला. "चिमूटभर तंबाखू हाय का?" मिश्री संपली होती तिची. मी क्षणभर घुटमळलो. मुक्तांगणवाल्या माणसाच्या नावाने निघालेला वारकरी, आणि पहिली सेवा ही! पुडी दिली. तिनेही घेतली, मीही घेतली. वारीत तंबाखू सुटली असं लिहायला मला फार आवडलं असतं.

पुढे वरवंड, मग रोटीचा घाट. घाटात रथ चढताना टाळांचा एकच कल्लोळ होतो, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी लिहीत नाही. तिची दिंडी आमच्या मागे दोन-तीन दिंड्या सोडून होती, त्यामुळे विसाव्याला कधीमधी गाठ पडायची. बारामती सोडल्यावर सणसरच्या अलीकडे ती अचानक रस्त्याच्या कडेला थांबली. दोन्ही बाजूंना ऊस. तिने तुळशीवरचा एक हात काढला आणि विहिरीजवळच्या एका रानाकडे बोट केलं.

"हे रान मी तोडलंय. दोन साल. तवा थोरली पोटात होती."

"इथं?"

"हितंच. त्या लिंबाखाली कोपी होती आमची. तवा ट्रकात बसून आलतो. आज चालत आले."

मी चार वेळा या रस्त्याने गेलो होतो. दर खेपेला हा पट्टा 'हिरवागार परिसर' एवढाच माझ्या लेखी होता. मागून दिंडीचा रेटा आला, तिने हात परत तुळशीवर ठेवला आणि अभंगाचं पुढचं चरण जिथे होतं तिथून उचललं. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी वहीत तिचं बोलणं जमेल तसं उतरवलं. दोन पानं झाली. वाचून पाहिलं तर तिच्यापेक्षा मीच जास्त होतो त्यात. फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा पाऊण पान उरलं. ते अजून आहे.

कागद संपत आले. इंदापुरात पोरांनी गराडा घातला, तिथेच वीसेक गेले. सराटीला नीरा ओलांडून अकलूजकडे वळलो, तोवर पावसाने गाठलं. गठ्ठ्याच्या कडा ओल्या झाल्या. ओला कागद घडी धरत नाही.

वाखरीच्या मुक्कामात ती पुन्हा दिसली. एकादशी दोन दिवसांवर, 10 जुलैला. तंबूच्या दोरीला लुगडं वाळत घातलं होतं. मला बघून तिने गाठोडं सोडलं, हरिपाठाची पुस्तिका काढली आणि मधलं पान उघडलं. यवतचा पक्षी आत होता. दाबून दाबून पार सपाट झालेला, पंख पोटाला चिकटलेले.

"जपून ठिवलंय," ती म्हणाली. "खराब व्हऊ नये म्हणून."

शेपटी ओढून दाखवावी असं तिला वाटलं नाही, मलाही नाही. तिने पुस्तिका मिटली, कपाळाला लावली आणि गाठोड्यात ठेवली. मग विचारलं, "पुडी हाय का?"