काळं, पांढरं आणि चकचकीत

आमच्या फोटोग्राफीच्या क्लासचा हिवाळ्यातला प्रोजेक्ट सरांनी फळ्यावर तीन शब्दांत उरकला: काळं, पांढरं, चकचकीत. खाली अटी. शनिवारवाड्याचा दरवाजा नको. सुरकुतलेल्या आजोबांचे चेहरे नकोत. मंडईतल्या टोमॅटोच्या राशी तर अजिबात नकोत. "या तिन्हींचे पुण्यात पुरेसे फोटो काढून झालेत," असं म्हणून त्यांनी खडू ठेवला आणि ते चहाला गेले. क्लास सदाशिव पेठेत आहे, त्यामुळे यापेक्षा जास्त खुलासा मिळेल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

प्रोजेक्टचा रोख कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर आहे, एवढं आमच्या लक्षात आलं. हे मीटर एकच गोष्ट धरून चालतं: समोर जे काही असेल त्याची सरासरी काढली की ती मध्यम करडी येणार, अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारी. पांढरी भिंत दाखवा, ते करडी करून देतं. काळी म्हैस दाखवा, तीही करडीच. म्हणून पांढऱ्याला एक-दीड स्टॉप प्लस, काळ्याला तेवढंच मायनस (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), हे वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत उतरवतात. आता ते घेऊन गावात हिंडायचं होतं.

काळ्यासाठी पाताळेश्वर हे ठरवायला आम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी आणि माझी मैत्रीण, दोघींकडे मिळून सेकंडहँड बॉडी दोन, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्स दोन आणि फिफ्टी, म्हणजे ५० मिमीची लेन्स, एक. जंगली महाराज रस्त्यावर रिक्षांचा कलकलाट चालू असतो आणि चार पावलं आत वळून खाली उतरलं की हवाच बदलते. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं. अख्खं एका खडकात खोदत नेलेलं आणि मध्येच सोडून दिलेलं. अंगणात नंदीचा गोल मंडप आहे, छत्रीसारख्या छताचा, आणि पलीकडे जाडजूड चौकोनी खांबांच्या रांगा अंधारात शिरतात. दुपारी क्लास बुडवून अभ्यासाला बसलेली मुलं तिथे हमखास सापडतात. पुरातत्त्व खात्याची जागा असल्यामुळे ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही. खांबाला पाठ टेकवायची, कोपर पोटाशी घ्यायचं, श्वास सोडत शटर दाबायचं.

तिथे आमचं भांडण झालं ते काळं कशाला म्हणायचं यावर. अंगणातल्या नंदीमंडपाचा बेसाल्ट उन्हात होता. डोळ्याला तो काळा दिसतो, कारण काळा पाषाण हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण सकाळच्या तिरप्या उन्हात, वर इतक्या वर्षांची धूळ घेऊन, तो बऱ्यापैकी करडाच होता. मीटर सांगेल तसाच्या तसा फोटो घेतला तरी बरोबर येत होता, मायनस करायची गरजच नव्हती. आतल्या खांबांची गोष्ट वेगळी. तिथे अंगणातलं ऊन फरशीवर आपटून वर उडतं आणि खांबांची फक्त एक कड उजळते. तेवढ्या कडेवर स्पॉट मीटर, म्हणजे एका ठिपक्यापुरतंच मोजणारं, धरलं तर बाकी सगळं गडप. सगळ्या फ्रेमचं मीटर घेतलं तर काळोख करडा होऊन खांब बांधकामाच्या साइटवरचे वाटायला लागतात. मैत्रिणीने कड धरली, मी मधलं काहीतरी धरलं. तिचा फोटो चांगला आला हे नमूद करते, नाहीतर ती वाचून फोन करेल.

पांढऱ्यासाठी कवडीपाट. सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकून लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळायचं, तिथे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे आणि हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांची जत्रा. कोथरूडहून अ‍ॅक्टिव्हावर पहाटे निघालो. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतरच डोकं वर काढतो, त्यामुळे घाई नव्हती, थंडी मात्र होती. हडपसरला अमृततुल्यचा पहिला हात मारला तेव्हा कुठे बोटं शटरचं बटण दाबण्याइतकी जिवंत झाली. क्लासमधल्या एका मुलाने त्याची ५५-२५० ही लांबची लेन्स दिली होती, "लेन्स पडली तर तूही पड" एवढ्या प्रेमळ सूचनेसह.

कवडीपाटला पोहोचल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. शहराचं सगळं सांडपाणी इथून जातं. बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तिथे साबणाचा फेस तयार होतो आणि त्याचे पांढरे ढीग पात्रात तरंगत राहतात. काठावर प्लॅस्टिक, निर्माल्य, फुटक्या तसबिरी. आणि या सगळ्यात, त्यांना काही पडलेलं नाही अशा थाटात, शेकाटे, बगळे आणि केशरी अंगाचे चक्रवाक.

इथे वहीतलं सूत्र उलटं फिरलं. बगळा पांढरा, मग प्लस, असं डोक्यात घेऊन कुणी कॅमेरा लावला तर बगळ्याच्या जागी पिसं नसलेला पांढरा डाग उरेल. कारण फ्रेममध्ये बगळा असतो नखाएवढा, बाकी सगळं गडद पाणी. मीटर त्या पाण्याला बघून उजेड वाढवतं आणि बगळा जळून जातो. इथे मायनस करायचं, ऊन कडक असेल तर एक स्टॉपच्याही पुढे. आणि पाच फुटांवर त्याच पाण्यात फेसाचा मोठा ढीग फ्रेम भरून असेल, तर मात्र प्लस. म्हणजे वस्तू कोणत्या रंगाची आहे यापेक्षा तिने फ्रेममधली किती जागा अडवलीय याला महत्त्व. हे समजावून सांगायला सरांना फळ्यावर अर्धा तास लागला असता, बगळ्याने दोन मिनिटांत सांगितलं.

माझा त्या दिवशीचा सगळ्यात देखणा फोटो फेसाचा आहे. धुकं, मागून येणारं ऊन, मधोमध एकटा शेकाट्या, लालबुंद काटकुळ्या पायांवर उभा. घरी आईने पाहिला आणि विचारलं, "हे काश्मीर का?" मला तो फोटो तेव्हापासून नीट आवडेनासा झालाय. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-काळोखाचा आलेख, बिनचूक आहे, पिसाचा एकेक तपशील आहे, पण नाकाला रुमाल लावून काढलेला फोटो जर काश्मीरसारखा दिसत असेल तर त्यात काहीतरी लबाडी आहे. पक्ष्यांचे फोटो काढणारी मंडळी कवडीपाटला बहुतेक वेळा लांब लेन्स लावून कचरा बाहेर ठेवतात. मी दुसरा एक काढला, किट लेन्स १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद ठेवून, ज्यात बगळा टिंबाएवढा आहे आणि पुढे दुधाच्या पिशव्या, एक चप्पल आणि देवाची काच फुटलेली तसबीर. क्लासमध्ये तो कुणाला आवडला नाही. मी तोच दिलाय.

चकचकीतसाठी मैत्रिणीला लक्ष्मी रोडवरची सराफांची दुकानं सुचली. आत सोडायला कुणी तयार नव्हतं आणि दारातून काढावं तर काचेत आपणच. मग तिथून तंगड्या तोडत कसब्यात. कसबा गणपतीच्या बाजूने पेठेत आत आत जात राहिलं की तांबट आळी डोळ्यांआधी कानांना कळते. ठण्, ठण्, ठण्. पेशवाईत भरभराटीला आलेल्या या आळीत तांब्या-पितळेची भांडी अजून हाताने ठोकली जातात. पाणी तापवायचा बंब, हंडे, घंगाळी, तपेली. अलीकडे हॉटेलवाले आणि इंटिरियरवाले दिवे आणि वाडगेही करून घेतात.

एका कारखान्याच्या उंबऱ्यात उभ्या राहिलो. कारखाना म्हणजे एक खोली. आतले काका जमिनीवर बसून हंड्याचं मठारकाम करत होते. आडव्या लोखंडी दांड्याच्या टोकावर हंडा आतून टेकवलेला, बाहेरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचा घाव, मग हंडा बोटभर फिरवायचा, पुढचा घाव. एकाशेजारी एक अशा त्या टिकल्यांच्या ओळी हंड्याभोवती चढत जातात. त्या शोभेसाठी असतात असं मला वाटायचं. काकांनी हंडा उलटा करून दाखवला. ठोकलेला भाग दाबला तर हलत नव्हता, न ठोकलेला पत्रा अंगठ्याने दबत होता. ठोकून ठोकून तांबं कडक होतं. फार कडक झालं की भट्टीत लालबुंद करून पुन्हा मऊ करून घ्यायचं.

"काका, फोटो काढू का?"

"काढ ना. पैसे नको देऊस आणि मध्ये पाय नको घालूस."

चकचकीत तांब्याचा फोटो काढणं हा मात्र खरोखर छळ आहे. काचेवरची किंवा पाण्यावरची चमक पोलरायझर फिल्टरने मारता येते, धातूवरची जात नाही, त्यामुळे उसना आणलेला फिल्टर पिशवीतच राहिला. शिवाय गोल हंड्यात सगळी गल्ली उमटते: दार, आभाळाची पट्टी, समोरची स्कूटर आणि मध्यभागी डोळ्याला कॅमेरा लावलेली मी. फोकस हंड्याच्या पत्र्यावर धरला तर हे प्रतिबिंब किंचित मऊ होतं, कारण बाकदार पत्र्यातली प्रतिमा पत्र्याच्या मागे तयार होते. प्रतिबिंब धारदार करावं तर हातोडीच्या टिकल्या जातात. एफ ८ पर्यंत छिद्र बारीक केलं तेव्हा दोन्ही जेमतेम जमलं, आणि त्या अंधाऱ्या खोलीत एफ ८ म्हणजे आयएसओ, सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ३२०० वर आणि दाणेदार सावल्या.

रंगाचा घोळ वेगळाच. फ्रेम तांब्याने भरली की रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग ते सगळ्यावर निळसर पाणी फिरवतं आणि तांबं आजारी पडतं. पाताळेश्वरच्या मीटरचाच हा भाऊ: जग सरासरीने करडं असतं यावर याचाही गाढ विश्वास. व्हाइट बॅलन्स डेलाइटला बांधून टाकला, दारातून येणाऱ्या उजेडावर भरवसा ठेवला आणि काकांना विचारून ट्यूब बंद केली. ट्यूब चालू असताना शटर वेगवान केलं की फोटोत आडवे पट्टेही येत होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तो चालूच ठेवायचा असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावं. लग्नाच्या हॉलमध्येही उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवते.

हातोडीचं मला जमेना. १/३० ला हंडा स्थिर आणि हातोडी पुसट, हे हवं होतं, पण घाव पडतानाचा क्षण सापडत नव्हता. काकांनी हात न थांबवता बराच वेळ ते पाहिलं.

"तू आवाज ऐकून दाबतेस," ते म्हणाले. "आवाज आला म्हणजे घाव पडून गेला. दोन आवाजांच्या मधे दाब."

मग मी कॅमेऱ्यातून बघणं सोडून नुसती ऐकत बसले. ठेका पक्का होता, हंडा फिरवायला लागणारा वेळ दर वेळी तोच. मनातल्या मनात ताल धरून आवाजाच्या किंचित आधी बोट दाबायला लागले आणि फोटो येत गेले. पुढच्या गल्लीत कल्हई चालली होती, तिथेही हेच उपयोगी पडलं. पितळी पातेलं निखाऱ्यावर तापतं, कल्हईवाला आत नवसागराची चिमूट टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि त्यातच तो कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवतो. काळंमिट्ट पातेलं बघता बघता आतून चांदीसारखं होतं. हे सगळं इतकं झटपट होतं की धूर दिसल्यावर कॅमेरा उचलला तर हातात फक्त ठसका येतो. त्याचा हात नवसागराच्या डब्याकडे गेला की बोट तयार. धूर मागच्या काळ्या दारावर आला तरच दिसतो, आभाळावर आला तर विरघळतो, म्हणून मी गटाराच्या कडेला उकिडवी बसून राहिले. येणारे-जाणारे "काही पडलंय का?" विचारत होते.

क्लासमध्ये प्रिंट भिंतीला लावून झाडाझडती झाली. सरांनी काळ्याला मैत्रिणीचं कौतुक केलं, माझ्या कचऱ्याच्या फोटोपाशी थांबून "हं" म्हणाले आणि पुढे गेले. त्यांच्या "हं"चा अर्थ लावण्यात आमच्या बॅचची एक संध्याकाळ गेली. तांबट आळीचा एक फोटो मात्र ठेवून घेतला.

त्याच फोटोची दुसरी प्रिंट घेऊन मी कसब्यात गेले. काकांनी हात पुसून ती दाराशी उजेडात नेली, लांब धरून पाहिली, जवळ घेऊन पाहिली.

"ओळी वाकड्या दिसतायत."

मी म्हटलं, ते लेन्समुळे. खोली लहान, म्हणून १८ वर काढलाय, कडेला सगळं बाहेर फुगतं.

"ते तुला माहीत. बघणाऱ्याला वाटेल मीच वाकड्या मारल्यात. हा कुणाला दाखवू नकोस. दुसरा काढ."

आता फिफ्टी घेऊन जायचंय. तिच्यातून ओळी सरळ येतील, पण माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर ती ८० ची असल्यासारखी जवळचं दाखवते. म्हणजे मला उंबऱ्याबाहेर, गल्लीच्या पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागणार, आणि मधून स्कूटर जात राहणार. काकांनी सांगितलंय, दुपारी दीड ते तीन ये, तेव्हा गल्लीत कुणी नसतं. पण तेव्हा उजेड वरून पडतो, आणि काकाही जेवून आडवे झालेले असतात.