सात छेद पंचवीस

पहिलं एचिंग विकत घेऊन घरी आणलं, तेव्हा अप्पांनी चित्राकडे पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून थेट खालचा आकडा वाचला. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं : ७/२५.

"बाकीची चोवीस कुठायत?"

अप्पांची अख्खी नोकरी नाशिकरोडच्या नोटप्रेसमध्ये गेली. नंबर दिसला की तपासायचा, ही सवय काही सुटत नाही.

मग मी सांगायला बसलो. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईनं रेघा ओढतात, पत्रा ॲसिडात सोडतात. ॲसिड खातं तिथे खाच पडते. खाचेत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून रुळांखालून काढायचं. पुढच्या प्रतीला पुन्हा सगळं पहिल्यापासून, त्यामुळे पंचवीसच्या पंचवीस तंतोतंत सारख्या निघत नाहीत. ७/२५ म्हणजे पंचवीस प्रतींतली सातव्या नंबरची; ७ म्हणजे सातवा दर्जाही नव्हे. फक्त ड्रायपॉइंट असेल, म्हणजे ॲसिडाशिवाय सुईनंच थेट पत्रा कोरलेला असेल, तर सुरुवातीच्या प्रती जरा मखमली उठतात, कारण रेघेच्या कडेची किनार लवकर झिजते. ठरलेल्या प्रती झाल्या की अनेक जण पत्र्यावर ओरखडे मारून तो बाद करतात.

"बाद करायलाच पाहिजे," अप्पा एकदम खूश. मग खराब नोटेच्या जागी नंबरात चांदणी असलेली नोट कशी जाते, यावर मला पंधरा मिनिटं ऐकावं लागलं.

फुशारकीनं मी ड्यूशाँ या फ्रेंच कलावंताचंही सांगितलं. त्यानं १९१७ मध्ये कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवलेलं मुतारीचं भांडं हरवलं, १९६४ मध्ये त्याच्याच संमतीनं आठ क्रमांकित प्रती झाल्या, आणि संग्रहालयांत मिरवतात त्या नंतरच्या.

"मूळ हरवलं आणि डुप्लिकेट मिरवतात?" अप्पांनी पेपर उघडला.

माझ्याकडे एक मोनोटाइपही आहे. पत्र्यावर थेट रंगवून घेतलेला एकच ठसा. त्याची धूळ झटकतानाही माझा हात कापतो. एचिंगचं तसं नाही. आपल्याच चित्राची भावंडं कुणाकुणाच्या भिंतीवर असतील, याचं मला बरं वाटतं.

आणि नेमकं एचिंगच बिघडलं. फ्रेमवाल्याकडे दिलं, तर त्यानं तयार फ्रेमच्या मापात चारही बाजू कापल्या. पत्र्याच्या कडेचा कागदात उठलेला दाब गेला, सही गेली, नंबर गेला. वर मलाच म्हणतो, "साहेब, कोराच कागद होता की." मी खाली बसून कातरणाचा ढीग उपसला. सहीचा तुकडा सापडला. नंबराचा सकाळीच घंटागाडीत गेला होता.

मित्र म्हणाला, आता तुझं चित्र एकमेव झालं. मला हसू आलं नाही.

घरी अप्पांनी सहीची पट्टी पाकिटात घातली. पाकिटावर ७/२५ लिहिलं, तारीख टाकली, 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून खाली स्वतःची सही ठोकली. फ्रेमच्या पाठीला चिकटवलंय ते पाकीट.