फळांचा डाग पडला की आधी साबण नको

चादरीवर डाळिंबाचा रस सांडला की कुणीतरी साबणाची वडी घेऊन धावतं आणि जोरजोरात चोळायला लागतं, मग तो लाल डाग बघता बघता निळसर करडा होतो आणि सगळे म्हणतात, गेलं, आता हा निघत नाही. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण ताजा डाग असतो तेव्हा नुसत्या पाण्यानेच निम्मं काम होतं.

डाळिंब, जांभूळ, काळी द्राक्षं, स्ट्रॉबेरी यांचा रंग म्हणजे अँथोसायनिन. तो पाण्यात विरघळतो, आंबटात लाल राहतो आणि अल्कलीत निळा हिरवा होतो, आणि साबणाची वडी अल्कलीच असते. त्यात या फळांमध्ये टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, पण असतं आणि साबणाने त्याचा डाग पक्का बसतो, म्हणून वडी लावूच नका.

आधी स्वच्छ कापडाने रस टिपून घ्या, चोळू नका, चोळलं की तो धाग्यात आत जातो आणि पसरतो पण. मग कापड उलटं करून मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, म्हणजे रंग ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येईल. राहिलेल्या रंगावर पांढरं व्हिनेगर आणि थोडं लिक्विड डिटर्जंट लावून थोडा वेळ ठेवायचं आणि धुवायचं. मीठ टाकतात ना, ते फक्त ओल शोषतं, डाग काढत नाही.

जाड, पक्क्या रंगाचा सुती टेबलक्लॉथ असेल तर अजून एक जुना उपाय आहे, कापड भांड्यावर ताणून बांधायचं आणि वरून उकळतं पाणी ओतायचं, ताजा डाग धुऊन निघतो. पण फळात दूध असेल, म्हणजे मिल्कशेक वगैरे, तर गरम पाणी अजिबात नको, दुधातलं प्रोटीन उष्णतेने धाग्याला घट्ट चिकटतं.

आता सगळ्यात फसवे डाग, केळं, सफरचंद, पेर. पडतात तेव्हा दिसतच नाहीत, सफरचंदाचा रस तर वाळून गायब होतो आणि आपण चादर घडी करून कपाटात ठेवून देतो. नंतर काढावी तर तपकिरी ठिपके! यातले पदार्थ हवेशी संयोग होऊन काळे पडतात, कापलेलं सफरचंद पडतं तसेच. रसातली साखर तर इस्त्री फिरली की पिवळी तपकिरी होते. म्हणून डाग दिसत नसला तरी सांडलेली जागा लगेच धुवा, आणि डाग पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय इस्त्री किंवा ड्रायर नको म्हणजे नकोच.

आंबा, पपई यांचं निराळं. तो पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा, पाण्यापेक्षा तेलात विरघळणारा, तिथे डिटर्जंट चोळून मग उन्हात वाळत घालायचं, उरलेला पिवळेपणा उन्हाने उडतो.

जुना डाग असेल तर आधी ग्लिसरीन लावून मऊ करून घ्या आणि मग ऑक्सिजनवाल्या ब्लीच पावडरमध्ये, म्हणजे सोडियम परकार्बोनेटमध्ये, ४० अंशांच्या वर कोमट गरम पाण्यात काही तास भिजत घाला. लोकर आणि रेशीम सोडून हं, त्यांना अल्कली सोसत नाही. पांढऱ्या कपड्यावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पण चालतं, रंगीत असेल तर आतल्या शिवणीवर आधी लावून बघा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, क्लोरीन ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो.

सोफा आणि गादीला भरपूर पाणी ओतता येत नाही, ओतलं तर आत ओल राहते आणि वर कडेला तपकिरी रिंग उमटते. तिथे गार पाण्यात दोन-तीन थेंब डिटर्जंट आणि थोडं व्हिनेगर घालून ओल्या कापडाने कडेकडून मधे टिपत यायचं, मग साध्या पाण्याने तसंच, आणि शेवटी कोरडं पांढरं कापड जाड घडी करून त्यावर वजन ठेवून रात्रभर सोडायचं. सकाळी कापडावर रंग आलेला दिसला तर अजून आत रस आहे, परत टिपायला घ्या.