याकोबाच्या वाटेवर, सुईदोऱ्यासकट

स्पेनमधली संत याकोबाच्या कबरीकडे जाणारी यात्रेची पायवाट, सारिया ते सांतियागो, साधारण ११५ किलोमीटर. शेवटचे १०० पायी केले की सर्टिफिकेट मिळतं म्हणून सगळी गर्दी इथूनच घुसते, आणि खोटं कशाला बोलू, आम्हीही त्यातलेच. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघं आगाशीचे. आमचं चर्चच संत याकोबाचं. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की एकदा आपल्या याकोबाच्या कबरीला जाऊन ये रे. ती गेली, मग मी निघालो.

पोर्तोमारीनला धरणाच्या पाण्यात जाणारं जुनं चर्च दगडन् दगड उचलून वर आणून बांधलंय, ते बघितलं. पालास दे रेई मला आठवतच नाही. मेलीदेला ऑक्टोपस खाल्ला, कात्रीने कापून लाकडी ताटलीत देतात, आपल्या माकुलसारखाच पण मऊ.

त्या दुपारीच टाच गेली. मेलीदेपासून पुढे नुसते चढउतार, निलगिरीची झाडं, डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड, आणि भाऊ पुढून ओरडतोय "अजून सात!", "अजून साडेसहा!", ते ऐकून त्याचा मोबाईल ओढ्यात फेकावासा वाटत होता. मी जपमाळ काढली, येशूच्या दुःखसहनाची पाच रहस्यं, तिसऱ्यातच मोजणी चुकली कारण मागून शाळेची पोरं स्पीकर लावून आली. त्यानंतर पांढरेशुभ्र बूट घातलेली एक टोळी, बॅगा टॅक्सीने पुढे गेलेल्या, सगळे हसत हसत "ब्वेन कामीनो!", म्हणजे वाट शुभ होवो. मी पण म्हटलं, दात ओठ खात.

रिबादिसोला जुना दगडी पूल आहे, खाली नदी, लोक पाय बुडवून बसतात. मी बूट काढला आणि मोजा चिकटला. शेजारी एक इटालियन आजी बसली होती, सत्तरी पार असेल. तिने माझ्या टाचेकडे बघितलं, काही न विचारता पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. माझा तो घाणेरडा पाय! मी ओढायला गेलो तर चापट मारली. लायटरवर सुई धरली, बेटाडीन लावलं, सुईत पांढरा दोरा ओवला. इंग्लिश तिला चार शब्द, इटालियन मला शून्य.

"इंडिया?" म्हणाली. मी मान हलवली. तिचे डोळे चमकले. "तोम्माझो!"

ती ओर्तोनाची निघाली. आपल्या थोमाच्या, म्हणजे भारतात आलेल्या येशूच्या शिष्याच्या, अस्थी तिच्या गावच्या कॅथेड्रलमध्ये आहेत, १२५८ मध्ये कीऑस बेटावरून जहाजाने आणलेल्या. ती छातीवर हात ठेवून म्हणे आमचा, मी छातीवर हात ठेवून म्हणे आमचा, त्याची कबर मैलापूर, चेन्नई! तिने सुई भाल्यासारखी धरून माझ्या बरगडीकडे नेली, हो हो, तस्साच मेला. आणि मी हसत असतानाच टाचेत खुपसली.

मी किंचाळलो. मग तिने मला गुंतवायला येशूच्या बारा शिष्यांतला, एकेक प्रेषित काढला, कोण कसा मेला ते. पाण्याची बाटली उलटी धरली: पेत्र, रोमला, डोकं खाली पाय वर. दोन काठ्या फुलीसारख्या ठेवल्या: अंद्रिया. स्वतःच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोलल्यासारखं केलं, बर्थलमय, आणि लगेच माझ्या फोडाकडे बोट करून दटावलं, ही कातडी मात्र सोलायची नाही! (आमच्याकडे काहीजण म्हणतात तो कल्याणपर्यंत आला होता, पण ते हातवाऱ्यांनी कसं सांगणार.) धाकट्या याकोबासाठी (हा आमचा नव्हे, त्याच नावाचा दुसरा) तिने धुणं बडवल्यासारखी मूठ आपटली. योहानासाठी गालाखाली दोन्ही हात जोडून डोळे मिटले, म्हातारपणी बिछान्यात, तो एकटाच सुटला. शेवटी आमचा याकोब. मानेवरून बोट फिरवलं, एकदाच. बायबलमध्येही त्याला हेरोदाने तलवारीने मारलं एवढं एकच वाक्य आहे, पुढचं सगळं, प्रेत होडीने इथे गॅलिसियात आलं, डोंगरावर दिसलेला प्रकाश, परंपरेचं.

दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवून पट्टी बांधली. पाणी झिरपून जातं म्हणे. मी पैसे काढले तर पुन्हा चापट. मग काठ्या उचलून निघून गेली, नाव विचारायचं राहिलंच.

रात्री आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, भाऊ मोबाईलवर वाचून म्हणतो, "याकोबाचं डोकं जेरुसलेमला आर्मेनियन चर्चमध्ये आहे म्हणतात, म्हणजे आपण नुसत्या धडाकडे चाललोय." मी म्हटलं गप झोप. तरी झोप लागेना, इंग्रजांच्या भीतीने १५८९ मध्ये लपवलेल्या अस्थी थेट १८७९ मध्ये सापडल्या, तेवढी वर्षं लोक कोणाकडे चालत येत होते?

सांतियागोला पाऊस. सॅक आत नेता येत नाही, म्हणून भाऊ बाहेर बॅगा सांभाळत बसला, मी आधी गेलो. धूपाचं ते मोठं पात्र त्या दिवशी हललंच नाही, बांधून ठेवलेलं. पुतळ्याला मागून मिठी मारायची रांग, मग खाली तळघरात चांदीची पेटी, जाळीपलीकडे. घरच्या सगळ्यांसाठी काय काय मागायचं ते आठ दिवस घोकलं होतं. मागचा माणूस ढकलत होता. "आई, आलोय बघ," एवढंच निघालं, ते पण मोठ्याने, लोकांनी वळून बघितलं.

बाहेर आलो, भाऊ आत गेला. मी चौकात ओल्या फरशीवर बसून मोजा काढला तर दोरा आपोआप निघून मोज्याला चिकटला होता.