आमची वाटचाल : रिमोल्डच्या शेडपासून खडकावरच्या टायरपर्यंत

पुणे-बेंगळुरू महामार्गावर, साताऱ्याच्या वाढे फाट्याजवळ आमची टायरची शेड आहे. वडिलांनी ती उभी केली तेव्हा तिथे फक्त ट्रकच्या टायरचे रिमोल्डिंग होत असे. त्या काळी ट्रकला नायलॉनचे टायर असत; झिजलेला टायर खरवडून त्यावर नवा पट्टा चढवला की तो पुन्हा खंबाटकीचा घाट चढायला तयार होई, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसवाहतुकीच्या ट्रक-ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत लागे. वडिलांना, म्हणजे अण्णांना, टायरच्या नक्षीत फारसा रस नव्हता. कोणताही टायर समोर आला की ते आधी आत हात घालून त्याची बाजू, म्हणजे नक्षी आणि रिम यांच्यामधली भिंत, चाचपत, कारण नक्षी पुन्हा चढवता येते, पण बाजूचे धागे एकदा तुटले की त्या टायरवर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो, हे त्यांचे सरळ गणित होते. आज आमच्या व्यवसायाचा बराच भाग डोंगरात, खडकांवर चालणाऱ्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या, गाड्यांच्या टायरचा आहे, आणि तिथेही आमची निवड टायरच्या बाजूपासूनच सुरू होते.

हा बदल एकाएकी झाला नाही. ट्रकना रेडियल, म्हणजे नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असलेले, टायर आले, तसे रिमोल्डचे जुने काम हळूहळू आटत गेले. दुसरीकडे २०१० मध्ये महिंद्राची थार बाजारात आली आणि मारुती जिप्सी, जुनी महिंद्राची जीप जपून ठेवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये नव्या मालकांची भर पडली. जुन्या जीपला ६.००-१६ मापाचे अरुंद, उंच, नायलॉनचे टायर असत आणि ते आमच्या शेडला नवे नव्हते. त्यामुळे जीपवाले आधीपासूनच आमच्याकडे येत. थारवाले त्यांच्या ओळखीने आले, आणि त्यांचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असे: "मालक, हिला मोठ्यात मोठे किती इंची बसतील?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही लगेच देत नाही, कारण तो प्रश्न खडकाचा नसून चिखलाचा असतो. आपल्याकडे ऑफ-रोड म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पावसाळा आणि चिखल येतो. मलेशियात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय स्पर्धा २०१४ पासून गोव्यात ऐन पावसात भरू लागली आणि तिची छायाचित्रे पाहून अनेकांनी टायरविषयीची मते बनवली. चिखलात टायरला खाली खोदत जायचे असते आणि नक्षीत अडकलेला चिखल फेकून द्यायचा असतो, म्हणून तिथे मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा हवी. खडकावर हळूहळू चढण्याचा खेळ वेगळा आहे. तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रुबिकॉन ट्रेलसारख्या किंवा युटामधल्या मोआबसारख्या ठिकाणी वाढला, आणि त्यात गाडीचा वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी असतो. खडक खोदला जात नाही. तिथे रबराने दगडाचा आकार घेऊन त्याला बिलगावे लागते, आणि नक्षीत मोकळी जागा जितकी जास्त तितके दगडाला लागणारे रबर कमी. फार उग्र नक्षीचा टायर ओल्या दगडावर मोजक्या ठोकळ्यांच्या कडांवर उभा राहतो आणि घसरतो, हे गिऱ्हाइकाला पटवण्यात आमचा बराच वेळ जातो.

त्यातून आपल्या जिल्ह्याचा दगड. साताऱ्याचे डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे, आणि पश्चिमेकडच्या पठारांच्या माथ्यावर जांभ्याचा थर. कोरडा काळा पाषाण टायरला छान पकड देतो. माण-खटावच्या कोरड्या टेकड्यांवर रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा साधा ऑल टेरेन टायरही आश्चर्य वाटावे असे काम करतो. पण याच दगडावर पाटण किंवा जावळीच्या पावसात शेवाळ धरले की पकड जवळजवळ नाहीशी होते, आणि तिथे ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा आणि रबराचा मऊपणा या दोनच गोष्टी उपयोगी पडतात. म्हणून आम्ही रबराचा कठीणपणा मोजणारे छोटे शोअर मीटर दुकानात ठेवतो आणि नवा टायरही त्यावर तपासतो. "साठ हजार किलोमीटर चालेल" असे सांगून विकला जाणारा टायर बहुधा कठीण रबराचा असतो. महामार्गावर तो गुण आहे, शेवाळलेल्या दगडावर दोष. रबर वयानेही कडक होते, म्हणून बाजूवर कोरलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. हे आकडे अनेकदा एकाच बाजूला असतात आणि टायर बसवल्यावर ती बाजू आत जाते, तेव्हा बसवण्यापूर्वीच ते वाचून घेतलेले बरे.

खडकाळ वाटेवर टायर मरतो तो बहुतेक वेळा बाजू फाटून. खाणीतला नुकता सुरुंगाने फुटलेला दगड पात्यासारखा धारदार असतो. त्यामानाने नदीपात्रातले गोटे सौम्य. नक्षीत घुसलेला खिळा आम्ही आतून मशरूम पॅच लावून दुरुस्त करतो, पण रेडियलची बाजू चिरली तर तो टायर टाकून द्यावा लागतो. अण्णा नायलॉनच्या ट्रकटायरला आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, घालून वर्षभर पळवत असत, आणि तीच अपेक्षा घेऊन काही गिऱ्हाइके आजही येतात. रेडियलच्या फाटक्या बाजूला स्ट्रिप घालून देणारे दुकानदार आहेतही, पण आम्ही ते काम घेत नाही. त्याऐवजी विकतानाच बाजूला किती थर आहेत हे सांगतो. साध्या रेडियलच्या बाजूला एक किंवा दोन थर असतात, खडकासाठी बनवलेल्या काही टायरना तीन. तीन थरांचा टायर जड असतो, महागही असतो, पण घाटाखालच्या एखाद्या ओढ्यात स्टेपनी आधीच वापरून झालेली असताना त्याची किंमत कळते.

मात्र थर वाढले की टायर लवचीक राहत नाही, आणि इथे गाडीचे वजन महत्त्वाचे ठरते. एलटी, म्हणजे लाइट ट्रक, टायरवर लोड रेंज सी, डी किंवा ई असे लिहिलेले असते. सी म्हणजे सहा, डी म्हणजे आठ आणि ई म्हणजे दहा प्लाय रेटिंग. तो ताकदीचा दर्जा आहे, आत तितके थर असतातच असे नाही. अक्षर जितके पुढचे तितका टायर चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. पावणेदोन टनांच्या थारला किंवा त्याहून जड फोर्स गुरखाला डी शोभून दिसतो, पण बाराशे किलोंची मारुतीची जिम्नी किंवा तिच्याहून हलकी जिप्सी ई रेंजच्या टायरला वाकवूच शकत नाही. हवा कितीही सोडा, तो लाकडी चाकासारखा दगडावरून निसटतो. म्हणून टायर ठरवण्यापूर्वी आम्ही गाडी महामार्गालगतच्या वजनकाट्यावर पाठवतो आणि पुढची चाके काट्यावर, मग मागची, अशा दोन पावत्या मागतो. लोखंडी बंपर, अडकलेली गाडी दोराने ओढणारे विंच आणि छतावरचे कॅरिअर लावलेल्या गाडीचे पुढचे वजन मालकाच्या अंदाजापेक्षा नेहमीच जास्त निघते.

हवेचा विषय आम्ही तोंडी सांगत नाही, दाखवतो. गाडीचे एक चाक जॅकवर उचलायचे, टायरच्या नक्षीला कालवलेला पातळ चुना फासायचा आणि खाली पुठ्ठा ठेवून चाक सावकाश उतरवायचे. तीस पौंड हवेला पुठ्ठ्यावर आखूड, जवळपास चौकोनी ठसा उमटतो. मग व्हॉल्व्हची पिन काढून हवा पंधरापर्यंत आणायची, नवा पुठ्ठा घ्यायचा आणि तेच पुन्हा करायचे. दुसरा ठसा रुंदीला फारसा वाढलेला नसतो, पण लांबीला चांगलाच वाढतो, आणि कडेच्या ठोकळ्यांचे टोकही त्यात उमटते. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले की गिऱ्हाईक सहसा नव्या टायरचा भाव विचारायचे थांबते आणि आधी हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर मागते. त्यात आमचे नुकसान होते खरे, पण असा माणूस पुढे कायमचा आपला होतो. खडकावर बारा ते अठरा पौंडांच्या दरम्यान आपल्या गाडीचा आकडा शोधावा, वेग चालण्याइतकाच ठेवावा आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी. कमी हवेवर वेगाने गाडी हाकली तर बाजू सतत दुमडून तापते आणि आतले धागे सुटतात. दहाच्या खाली जायचे असेल तर टायर रिमवरून सुटू नये म्हणून बीडलॉक रिम लागते. ती स्पर्धेची वस्तू आहे. तिचे बोल्ट सारख्या ताणाने आवळून वारंवार तपासावे लागतात, आणि रोज साताऱ्यात भाजी आणायला जाणाऱ्या गाडीला ती लावू नये.

आता मापाकडे येतो. टायरचा व्यास वाढला की त्याच्या निम्म्यानेच ॲक्सल जमिनीपासून वर जातो. जिम्नीचा मूळचा १९५/८० आर १५ (रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंच) साधारण ६९.३ सेंटिमीटर व्यासाचा आहे. २३५/७५ आर १५ बसवला तर व्यास ७३.३ होतो, म्हणजे जमिनीपासूनची उंची फक्त दोन सेंटिमीटरने वाढते, आणि स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी त्रेसष्टच्या पुढे असते. उंचीबरोबर ओढ कमी होते, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. जिप्सीचा २०५/७० आर १५ काढून ३१ इंची टायर घातला तर गिअर तेच ठेवल्यास जमिनीवर पोचणारा जोर सुमारे पंधरा टक्क्यांनी घटतो. खडकावर हळू चढायचे तर नेमका हाच जोर हवा असतो. तो नसला की चालक क्लच अर्धा दाबून धरतो, एक्सिलरेटर वाढवतो आणि गाडी उडी मारून पुढच्या ॲक्सलचा सांधा तोडते. मोठा टायर जडही असतो, त्यामुळे मागच्या दरवाजावर टांगलेल्या स्टेपनीने बिजागऱ्या वाकलेल्या गाड्या आमच्याकडे येत असतात.

थारच्या बाबतीत एक गंमत आहे. २०२० च्या नव्या थारमध्ये महाग एलएक्स प्रकाराला २५५/६५ आर १८ आणि स्वस्त एएक्सला २४५/७५ आर १६ असे टायर होते. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळपास सारखा, पण १६ इंची रिमवरच्या टायरची बाजू १८.४ सेंटिमीटर भरते आणि १८ इंचीवर १६.६. हवा सोडल्यावर दुमडायला आणि रिमला दगडापासून वाचवायला ही जास्तीची बाजूच कामाची असते, म्हणजे खडकासाठी स्वस्त गाडीची चाके अधिक योग्य. लोखंडी रिम वाकली तर हातोड्याने सरळ करता येते, अलॉय तडकली तर फेकावी लागते. अठरा इंची चमकदार अलॉयसाठी पैसे मोजून आलेल्या माणसाला हे सांगताना थोडे अवघड वाटते, पण सांगतो.

आमच्या व्यवसायाला सर्वांत मोठा धक्का बसला तो जून २०२० मध्ये, जेव्हा केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आणले आणि परवान्याशिवाय माल येणे बंद झाले. तेहतीस-पस्तीस इंची परदेशी टायरवर ज्यांची विक्री चालत होती, त्यांची कोंडी झाली. आमचीही झाली, पण आम्ही त्या काळात देशात मिळणाऱ्या मापांतच काम करायचे ठरवले. जागा असेल तितकेच माप वाढवायचे, वजनाला साजेशी लोड रेंज निवडायची, कडेच्या ठोकळ्यांना गरम पात्याने बारीक चिरा पाडायच्या आणि हवा किती ठेवायची ते शिकवायचे. गाडीचे एक चाक शेडमागच्या दगडांच्या ढिगावर चढवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो हे पाहिल्याशिवाय बिल करायचे नाही, हा नियमही तेव्हाच पडला. टायर बॉडीच्या बाहेर डोकावत असेल तर आम्ही बसवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि विम्याचा दावा अडला की गिऱ्हाईक दुकानाकडेच बोट दाखवते.

गाडी कुठे चालवावी याबद्दलही आम्ही बोलतो, मग कोणाला आवडो न आवडो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथल्या जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की एका गाडीच्या चाकोरीने फुलांची जागा कायमची जाऊ शकते. ज्याला दगड चढायचे आहेत त्याने मालकाच्या परवानगीने खासगी जमिनीत किंवा बंद पडलेल्या खाणीत जावे.

झिजलेले मड टायर रिमोल्ड करून द्या, असा आग्रह अधूनमधून होतो. रस्त्यापुरते ते शक्य असले तरी खडकावर कमी हवेत दुमडून थकलेल्या बाजूवर नवा पट्टा चढवणे आम्हाला मान्य नाही. रिमोल्डची जुनी यंत्रे मात्र चालू आहेत. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की शेडचा अर्धा भाग ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरनी भरतो, आणि जूनपासून तिथेच जीप, थार, जिम्नी उभ्या राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये गाड्यांच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा त्याहूनही खाली आल्याने दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांना थोडा दिलासा मिळाला आहे. त्यातून उरणाऱ्या पैशांतून चारही चाकांचे वजन वेगवेगळे दाखवणाऱ्या काट्याच्या पट्ट्या घ्यायचा विचार आहे, म्हणजे गाडी वजनकाट्यावर पाठवून दोन पावत्या आणायची गरज उरणार नाही, आणि विंच लावलेली बाजू दुसरीपेक्षा किती जड आहे तेही जागेवरच कळेल.